मुलींच्या हायस्कुलात छायाचित्रण: आधी निवड, मग कॅमेरा

तुमची अडचण थोडक्यात अशी: मुलींच्या हायस्कुलात चित्रकलेच्या तासाला जोडून छायाचित्रण सुरू करायचं ठरलंय. वर्गात चाळीसेक मुली, शाळेचे कॅमेरे चार, बाकी भिस्त फोनवर. कॅमेरा हातात आला की मुली स्वतःचे आणि एकमेकींचे फोटो काढत सुटतात. काही पालकांना या विषयाचीच धास्ती वाटते. आणि गुण नेमके कशाला द्यायचे ते ठरत नाही. सुरुवात अ‍ॅपर्चर-शटरपासून (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक आणि उजेड किती वेळ आत येतो ते ठरवणारा पडदा) करावी की रचनेच्या नियमांपासून, असं तुम्ही विचारलंत.

माझं मत विचाराल तर दोन्हींपासून नको. सुरुवात निवडीपासून करा. काढलेल्या तीस फोटोंतला हाच का ठेवला आणि बाकीचे का वगळले, हे जी मुलगी चार वाक्यांत सांगू शकते तिला बाकीचं तंत्र गरजेप्रमाणे येत जातं. उलट अ‍ॅपर्चरची व्याख्या पाठ असलेल्या, पण स्वतःच्या तीस फोटोंकडे बघून ‘सगळेच छान आलेत’ म्हणणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षं पाहते आहे. त्यांचं तंत्र परीक्षेपुरतं उरतं.

चार कॅमेरे चाळीस मुलींना कमी वाटतात, पण या पद्धतीत ते पुरतात. दहा-दहा मुलींचे चार गट करा. एका वेळी एक मुलगी कॅमेऱ्यामागे, एक उजेड सांभाळायला, एक समोर, एक वहीत नोंद करायला, आणि उरलेल्या टेबलावर आधीच्या तासाचे फोटो निवडत बसलेल्या. भूमिका दर तासाला सक्तीने फिरवा. मुलगे-मुली एकत्र असलेल्या वर्गात ट्रायपॉड आणि दिवे पटकन मुलांच्या ताब्यात जातात हे तुम्ही पाहिलं असेल. केवळ मुलींच्या शाळेत ती भानगड नसते, पण दुसरी असते: दोन-तीन जणी कायमच्या ‘मॉडेल’ होतात आणि दोन-तीन जणी कायमच्या पिशव्या सांभाळणाऱ्या. ते पहिल्या महिन्यातच मोडलं नाही तर वर्षभर मोडत नाही.

पहिले काही तास मी कॅमेरा कपाटातून काढतच नाही. पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे कापायचे, एकमेकांवर ठेवून चौकट करायची आणि वर्गातली एकच खिडकी दहा प्रकारे चौकटीत धरून वहीत दहा छोटी रेखाटनं करायची. काड्यापेटीएवढी, एकेक मिनिटाची. चौकट सरकवली की काय आत आलं आणि काय कापलं गेलं हे पेन्सिलीने काढताना जेवढं लक्षात येतं तेवढं बटण दाबताना येत नाही. चित्रकलेचा तास आणि छायाचित्रणाचा तास इथे आपोआप जोडला जातो, वेगळा ‘समन्वय’ दाखवावा लागत नाही.

मग वर्गखोली काळोखी करा. खिडक्यांना काळा कागद लावून बाहेर उन्हात असलेल्या बाजूच्या कागदाला साधारण एक सेंटिमीटरचं भोक पाडा. समोर पांढरी चादर. डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर कुजबुज चालते, आणि मग बाहेरचं झाड, चालणारी माणसं, सगळं उलटं आणि रंगीत चादरीवर दिसायला लागतं. भोक मोठं केलं की चित्र उजळतं पण पुसट होतं, लहान केलं की अंधुक पण रेखीव होतं. अ‍ॅपर्चर म्हणजे काय हे मी असंच शिकवते. एफ/८ आणि एफ/११ हे आकडे नंतर येतात तेव्हा मुलींना ते भोकाच्या मापाचे आहेत हे माहीत असतं. फोनवर हा धडा घेऊ नका. बहुतेक फोनांच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर बदलत नाही आणि ‘पोर्ट्रेट’ मोडमधली धूसर पार्श्वभूमी गणिताने तयार केलेली असते. केसांच्या कडा निरखून पाहिल्या की मुलींना ते स्वतःच सापडतं.

शटरला एवढा वेळ नको. दोरीवरच्या उड्या, एकदा १/१००० सेकंदाला आणि एकदा १/१५ ला. दोन फोटो शेजारी ठेवले की अर्ध्या तासात काम होतं.

सायनोटाइपसाठी, म्हणजे कॅमेऱ्याविना उन्हात निळे ठसे उमटवण्याच्या पद्धतीसाठी, मात्र दोन-तीन तास राखून ठेवाच. १८४२ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही पद्धत काढली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या वनस्पती-अभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळांचे निळे ठसे घेऊन ते पुस्तकरूपात प्रसिद्ध करायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. मुलींच्या शाळेत छायाचित्रणाचा इतिहास सांगायचा तर तो इथून सुरू होतो हे मला नेहमी सोयीचं वाटत आलंय. ‘स्त्रियांचं योगदान’ असं वेगळं प्रकरण जोडावं लागत नाही, पहिल्या पानावरच बाई आहे.

कृती सोपी आहे. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या बाटलीत १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही गडद रंगाच्या बाटल्यांत वेगळी ठेवायची, वापरायच्या वेळी समप्रमाणात मिसळायची. द्रावणं तुम्ही स्वतः हातमोजे घालून करा, मुलींच्या हाती फक्त ब्रश द्या. मंद पिवळ्या दिव्यात जाड कागदावर ब्रशने लावून अंधारात वाळवायचं. वर पानं, लेस, पारदर्शक कागदावर काढलेलं चित्र, जे हवं ते ठेवून काचेखाली दाबायचं आणि उन्हात ठेवायचं. कडक उन्हात आठ-पंधरा मिनिटांत पिवळसर हिरवा कागद राखाडी-तपकिरी होतो. मग वाहत्या पाण्यात पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचा. निळा रंग दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होत राहतो, म्हणून त्याच दिवशी ‘फिकं आलं’ म्हणून फेकू देऊ नका. एक खबरदारी कडक पाळा: फेरिसायनाइडच्या आसपास तीव्र आम्ल येऊ द्यायचं नाही, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. कलेची खोली आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा एकच कपाट वापरत असतील तर आधी ते वेगळं करा.

आता सेल्फीचं. तुम्ही तो बंद करायच्या विचारात आहात असं दिसतं. बंद करू नका, त्याचाच धडा करा. माझ्या मते या वयाच्या मुलींसाठी अख्ख्या अभ्यासक्रमातला हा सगळ्यात मोलाचा धडा आहे आणि त्याला एक दोरी, एक फोन आणि थोडं गणित लागतं.

चौदा-पंधराव्या वर्षी फोटोवरून स्वतःच्या नाकाबद्दल वाईट मत करून घेतलेल्या मुली प्रत्येक वर्गात असतात. त्यांना उपदेश करायचा नाही, अंतर मोजायला लावायचं. जवळून काढलेल्या सेल्फीत फोन नाकाच्या टोकापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर असतो. कान त्याच्या मागे आणखी १२-एक सेंटिमीटर, म्हणजे ४२ वर. जवळची वस्तू मोठी दिसते, तेव्हा कानांच्या मानाने नाक ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट मोठं उमटतं. आता फोन दुसरीच्या हाती देऊन तिला दीड मीटर मागे उभी करा: नाक १५० वर, कान १६२ वर. गुणोत्तर १.०८. नाक तेच, पण पहिल्या फोटोत ते दुसऱ्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के मोठं आलेलं असतं.

दोरीला ३० सेंटिमीटर, ७५ सेंटिमीटर, दीड मीटर आणि तीन मीटर अशा खुणा करा. एकाच मुलीचे, एकाच उजेडात, चेहरा सरळ ठेवून चार फोटो काढा. नंतर चारही असे कापा की हनुवटीपासून कपाळापर्यंतची उंची सारखी होईल आणि शेजारी शेजारी छापा. झूम केल्याने नाक लहान होत नाही, मागे सरकल्याने होतं, हे चारही फोटो बघून मुली स्वतः म्हणतात. लेन्सला दोष देणाऱ्या पुस्तकी वाक्याची इथे दुरुस्ती होते: आकार अंतराने बदलतात, लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग चौकटीत येणार ते ठरवते. फोनची लेन्स रुंद भाग टिपणारी असल्यामुळे चेहरा चौकटभर यावा म्हणून आपण जवळ जातो आणि फसतो, इतकंच. समोर कोण उभी राहणार हे मात्र तुम्ही ठरवू नका, स्वतःहून तयार असेल तीच. कोणीच नसेल तर तुम्ही उभ्या राहा किंवा पुतळा ठेवा.

याला दोन छोट्या गोष्टी जोडा. पुढच्या कॅमेऱ्यात बघताना प्रतिमा आरशासारखी उलट दिसते आणि बऱ्याच फोनांत साठवलेला फोटो सुलट होतो, म्हणून ‘फोटोत मी वाकडी दिसते’. आणि अनेक फोनांत त्वचा गुळगुळीत करणारी सोय कुणी न विचारता चालू असते. ती बंद करून आणि चालू ठेवून एक-एक फोटो घ्या आणि मोठा करून भिंतीवर दाखवा. भाषण नको, फोटो पुरेत.

उजेड मोजण्याचा धडाही चेहऱ्यांवरूनच घ्या. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. त्यामुळे पांढरा कागद चौकटभर धरला तर तो राखाडी येतो, काळं कापड धरलं तर तेही राखाडी. हे आधी करून दाखवा. मग सावळ्या रंगाची मुलगी पांढऱ्या गणवेशात पांढऱ्या भिंतीपुढे उभी असेल तर काय होईल, हे त्यांना आधी वहीत लिहायला लावा. पांढरं खूप असल्यामुळे मीटर सगळंच काळवंडून टाकतं, चेहऱ्याचे बारकावे बुडतात. उजेड एक किंवा दीड स्टॉप वाढवला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), किंवा फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वर सरकवला, की चेहरा परत येतो. इथेच ‘शर्ली कार्ड’ची गोष्ट सांगते: कित्येक दशकं कोडॅकच्या रंगीत छपाईत रंग बरोबर आहेत की नाहीत हे एका गोऱ्या स्त्रीच्या फोटोशी ताडून ठरवलं जाई. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डं प्रचारात यायला १९९० चं दशक उजाडलं. ‘माझे फोटो चांगले येत नाहीत’ या तक्रारीमागे यंत्राचा आणि ते जुळवणाऱ्यांचा हात असू शकतो, हे कळल्यावर मुली सेटिंग बदलायला घाबरत नाहीत.

आता निवडीचं टेबल. प्रत्येक कामाला मर्यादा घाला: तीस फोटो, जास्त नाही, आणि जागेवर एकही पुसायचा नाही. ही शेवटची अट मुलींना सगळ्यात जाचक वाटते आणि तीच सगळ्यात उपयोगाची आहे. पुसलेल्या फोटोबरोबर तो का फसला हेही निघून जातं. तीसच्या तीस छोट्या आकारात एका पानावर छापायचे. लाल पेन्सिलीने आधी सहा निवडायचे, मग दोन, मग एक. प्रत्येक पायरीला वहीत एक ओळ कारणाची.

चर्चेचे माझे नियम थोडे कडक आहेत. ‘छान’, ‘मस्त’, ‘क्यूट’ हे शब्द टेबलावर बंद. जिचा फोटो आहे ती सुरुवातीची पाच मिनिटं गप्प. बाकीच्यांनी आधी फक्त दिसतंय ते सांगायचं: उजेड कुठून येतोय, सगळ्यात उजळ जागा कुठली, कडेला काय कापलंय, नजर आधी कुठे जाते. त्यानंतरच वाटतं ते बोलायचं. मैत्रिणींच्या वर्गात फोटोवर बोलणं चटकन फोटोतल्या मुलीवर घसरतं, ते या क्रमाने बरंचसं टळतं. शेवटी फोटोवालीने ठरवायचं की निवड बदलायची की नाही. बदललीच पाहिजे असं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश छायाचित्रकार ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८ व्या वर्षी पहिला कॅमेरा मिळाला आणि त्यांच्या मऊ फोकसवर समकालीन जाणकारांनी भरपूर टीका केली, तरी त्यांनी तो सोडला नाही. फोकस चुकला आहे की मुद्दाम ठेवला आहे, हे मुलीला तिच्या बाकीच्या फोटोंवरून सिद्ध करता आलं पाहिजे. एकदा झालं तर चूक, दहा फोटोंत सातत्याने दिसलं तर विचार.

निवड आणि संमती हे दोन्ही विषय एका बैठकीत घ्यायचे असतील तर अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचं काम घ्या. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ शेतमजुरांच्या छावणीत त्यांनी एका आईचे आणि तिच्या मुलांचे काही मोजके फोटो काढले. त्यातला शेवटी जगभर गाजलेला एक: आईचा हात गालाजवळ, दोन मुलं पाठमोरी तिच्या खांद्यांवर रेललेली, मांडीवर तान्हं बाळ. अमेरिकी सरकारच्या त्या प्रकल्पातले फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि मोफत पाहता येतात. गाजलेला फोटो आधी दाखवू नका. मालिकेतले उपलब्ध फोटो उलटसुलट क्रमाने टेबलावर ठेवा आणि मुलींना एक निवडायला सांगा. पाठमोऱ्या मुलांमुळे आईचा चेहराच एकटा उरतो, तंबू आणि सामान चौकटीबाहेर गेल्यामुळे जागा हरवते, हे त्या बोलता बोलता शोधतात. काही जणी लांबून काढलेला, तंबू दिसणारा फोटो निवडतात आणि तिथे परिस्थिती जास्त कळते म्हणतात. तोही मुद्दा बिनतोड आहे.

मग दुसरा अर्धा भाग. त्या बाईंचं नाव लँगनी लिहून घेतलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना १९७८ मध्ये कळलं, तेव्हा त्या पंचाहत्तरीकडे झुकल्या होत्या आणि त्या फोटोबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा होता. मुलींना विचारा: फोटोने मदत मागितली, लोकांचं लक्ष वेधलं, हे खरं. पण नाव विचारायला काय हरकत होती? या प्रश्नावर माझ्या वर्गात जेवढी खडाजंगी होते तेवढी कुठल्याच प्रश्नावर होत नाही. मी उत्तर देत नाही.

संमतीची सवय नियमांची पाटी लावून लागत नाही, कामात घालावी लागते. नोंद करणाऱ्या मुलीच्या वहीत प्रत्येक व्यक्तीच्या फोटोपुढे दोन रकाने: काढण्याआधी विचारलं का, आणि दाखवल्यावर ठेवायला हो म्हणाली का. दोन वेगवेगळे, कारण काढताना हो म्हणणारी मुलगी फोटो बघून नाही म्हणू शकते आणि तो नकार कारण न विचारता मान्य करायचा. झोपलेली, रडणारी, खाणारी, पडलेली मैत्रीण, आणि कपडे बदलण्याची किंवा स्वच्छतागृहाची जागा, इथे कॅमेरा उघडायचाच नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. शिक्षकालाही हाच नियम लागू.

पालकांच्या धास्तीला मी अवाजवी म्हणणार नाही. चेहऱ्याचा साधा फोटो घेऊन त्यावरून बनावट अश्लील चित्र तयार करणारी साधनं आज सहज उपलब्ध आहेत. म्हणून पालकांना ‘काळजी करू नका’ असं सांगण्याऐवजी काय करणार ते लिहून द्या. फोटो शाळेच्या मेमरी कार्डावरच राहतील. फोनवर काढावे लागले तर तासातच शाळेच्या संगणकावर उतरवून फोनमधून पुसले जातील, त्याच्या ‘नुकतेच पुसलेले’ कप्प्यातूनही. फोटोत दडलेली जागेची नोंद काढून टाकली जाईल. गटसंदेशांवर काहीही टाकलं जाणार नाही. भिंतीवरच्या प्रदर्शनात काढणारीचं नाव असेल, फोटोतल्या मुलीचं नाही. चेहरे असलेले फोटो इंटरनेटवर जाणार नाहीत. एवढं कागदावर दिलं की विरोध करणारे बहुतेक पालक सही करतात. जे करत नाहीत त्यांच्या मुलीला बाजूला बसवू नका. ती कॅमेऱ्यामागे पूर्ण काम करेल, फक्त समोर येणार नाही.

त्यासाठी मुळातच अर्धी कामं चेहऱ्याविना होतील अशी आखा. घरातल्या एका माणसाचं काम, फक्त हात. एका खोलीची मालिका, ज्यातून तिथे राहणारीचा स्वभाव कळावा पण ती दिसू नये. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकाच पायरीवरची सावली. स्वतःचं व्यक्तिचित्र, चेहरा न दाखवता. या शेवटच्या कामात सेल्फीवाल्या मुलीच सगळ्यांच्या पुढे निघून जातात, कारण स्वतःला चौकटीत कसं मांडायचं याचा विचार त्यांनी आधीपासून केलेला असतो. फक्त कोणी तो विचार म्हणून मोजलेला नसतो.

चित्रकलेशी जोडण्याबद्दल एकच आग्रह. इंटरनेटवरचा फोटो बघून हुबेहूब पेन्सिल-चित्र काढण्याची टूम मुलींत जोरात असते. त्याने हात बसतो हे मी नाकारत नाही, पण नजर कुणा दुसऱ्याचीच राहते. चित्रासाठी संदर्भ-फोटो हवा तर तो स्वतः काढलेला, असा नियम करा. मग उजेड कुठून घ्यावा हा प्रश्न चित्र सुरू होण्याआधीच सोडवावा लागतो.

गुणांचं. फोटो किती स्वच्छ आला याला मी शंभरातले वीसच देते, नाहीतर जिच्या घरी चांगला फोन ती जिंकते. चाळीस निवडीला: तीस फोटोंचं पान, त्यावरच्या लाल खुणा आणि कारणांच्या ओळी. वीस वहीला, ज्यात रेखाटनं आणि संमतीचे रकाने दोन्ही आले. उरलेले वीस सहा फोटोंच्या मालिकेला, आणि तिथे क्रमसुद्धा तपासते: दुसऱ्याच्या जागी पाचवा ठेवला तर काय बदलेल, हे तोंडी विचारते. दोन मिनिटं पुरतात. जिला कारण सांगता येत नाही तिला तिथेच बसून क्रम बदलून बघू द्या आणि त्यानंतरचं उत्तर धरा.